पाच किलोची दांडी, वीस लिटरची कॅन

माझ्या मुलीचं मनगट वजन उचलण्याच्या क्लासात मोडलं नाही. ते आमच्या घराच्या जिन्यात मोडलं, पाण्याच्या कॅनसोबत, आणि ती कॅन उचलायला मी तिला लावलं होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, हाडाच्या डॉक्टरला नाही, त्या क्लासच्या बाईंना तर नाहीच. मुलीला सांगायचा प्रश्न येत नाही. कॅन तिच्याच हातात होती. सात वर्षं झाली. ती गप्प राहिली कारण मी तिला तसं सांगितलं होतं. मी गप्प राहिलो कारण ते माझ्या सोयीचं होतं.

मी अकोल्यातल्या एका शाळेत पीटीचा मास्तर आहे. शिकलो अमरावतीला. अमरावतीहून व्यायामाचं शिकून आलेला माणूस म्हटलं की अकोल्यातले लोक त्याला अर्धा डॉक्टर समजतात, आणि आपण अर्धे डॉक्टर नाही हे सांगायची मला कधी घाई नव्हती. गुडघा दुखला, मला विचारा. पोरगं जाड झालं, मला विचारा. आणि दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी बाप शाळेच्या फाटकाशी गाठून विचारायचाच, "सर, पोट्ट्याले जिम लावू का? आठ वर्साचा हाये."

माझं उत्तर ठरलेलं. चेहरा गंभीर करायचा, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळायची आणि म्हणायचं, "सोळाच्या आधी वजनाले हात नाही लावू द्यायचा. उंची खुंटते."

बाप घाबरून निघून जायचा. मी वीस वर्षं हे वाक्य वाटत होतो. ते मला कोणी शिकवलं, कोणत्या पुस्तकात वाचलं, ते आता आठवत नाही. बहुधा कुठंच नाही. कॉलेजात एका वरच्या वर्गातल्या मुलानं चहा पिता पिता सांगितलं असेल आणि मी ते पदवीसोबत बांधून आणलं असेल. आमच्या धंद्यात असं पुष्कळ ज्ञान आहे. मैदानावर उभं राहून मोठ्या आवाजात बोललं की कोणी पुरावा मागत नाही.

गंमत अशी की मी स्वतः नवव्या-दहाव्या वर्षी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन शेतातून बैलबंडीपर्यंत चालत होतो. आमच्या काळ्या जमिनीत पावसानंतर पाय घोट्यापर्यंत रुततो; तिथून गाठोड्यासकट पाय उपटून काढायचा. तेव्हा माझ्या उंचीची काळजी कोणी केली नाही. आज त्याच घरातले काका लग्नात भेटले की विचारतात, लहान पोरांनी डंबेल उचललं तर हाडं वाकडी होतात म्हणे, खरं का? त्यांच्या मांडीवर बसलेल्या नातवाच्या दप्तरात इतकी पुस्तकं असतात की पोरगं चालताना मागं कलतं. त्याबद्दल काही विचारायचं नसतं. दप्तर म्हणजे शिक्षण. गाठोडं म्हणजे काम. पाण्याची बादली म्हणजे संस्कार. फक्त लोखंडाच्या गोल चकतीवर किलो लिहिलेला दिसला की आमचं सगळ्यांचं पोटच्या पोरावरचं प्रेम उफाळून येतं.

आम्ही तेव्हा जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. मुलगी नऊ वर्षांची होती. तिच्या वर्गातली एक मुलगी वजन उचलण्याच्या क्लासला जायची, आणि तिनं शाळेत दंडाची बेडकी दाखवली होती. झालं. घरी येऊन हिनं हट्ट धरला.

"बाबा, मले बी जायचं."

"काही गरज नाही. दोरीवरच्या उड्या मार. उंची वाढंल."

बायको एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. ती माझ्यासारखी मैदानावर बोलणारी नाही, बघून बोलणारी आहे. ती मला न विचारता एका रविवारी तो क्लास पाहून आली आणि म्हणाली, "जाऊ द्या तिले. त्या बाई चांगल्या हायेत. पोराईवर ओरडत नाहीत." यात मला टोमणा होता. मी म्हटलं, "उद्या काही झालं तं मले सांगजो नको." हे वाक्य पुढं माझ्या कामी येणार होतं, तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

क्लास घेणाऱ्या बाई तिशीच्या आतल्या. स्वतः वजन उचलणाऱ्या, राज्यापर्यंत खेळून आलेल्या, नोकरी न लागलेल्या. त्यांच्या वस्तीत, समाजमंदिराच्या मागं, टिनाच्या शेडमध्ये त्यांनी पोरांना शिकवायला सुरुवात केली होती. वस्ती बौद्धांची. आमच्या गल्लीतल्या तीन-चार मुली तिथं जायला लागल्या तेव्हा काही घरांत त्यावर कुजबुज झाली, पण फी कमी होती आणि स्वस्ताईपुढं आमच्याकडं बऱ्याच गोष्टी चालून जातात.

पहिल्या आठवड्यात मी चुका काढायला म्हणून गेलो. मागं हात बांधून उभा राहिलो, इन्स्पेक्टरासारखा. पोरं दहा-बारा. एकाच्याही हातात लोखंड नव्हतं. सगळ्यांच्या हातात वेळूच्या काठ्या. जमिनीवर खडूनं दोन रेघा, पाय त्या रेघांवर. काठी गुडघ्याखालून छातीशी, छातीवरून डोक्यावर, परत खाली. पाठ सरळ. कोणाची वाकली की बाई नुसतं त्याच्या पाठीवर बोट टेकवायच्या.

"वजन कधी देता?" मी विचारलं.

"एक महिना काठीच सर. मंग पाच किलोची दांडी. ती बी ज्याले जमते त्याले."

"वय काय पाहता?"

"वय नाही पाहत. सांगतलेलं ऐकते का ते पाहते. सातव्या-आठव्या वर्साचं पोरगं ऐकणारं असलं तं चालते. बारा वर्साचं मस्तीखोर असलं तं घरी पाठोते." मग जरा हसून म्हणाल्या, "आणि वजन खाली ठेवताना आवाज आला तं ती उचल बाद. आवाज नाही आला पायजे."

मी मान डोलावली आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "काही खास नाही. काठ्या फिरवतात."

वीस वर्षं मी शाळेत पोरांना शिकवलं, पण ओझं आवाज न करता खाली ठेवायला मी एकाही पोराला शिकवलं नव्हतं. माझी मुलगी ते दोन महिन्यांत शिकली. घरात ती पाण्याचा गुंड, म्हणजे कळशी, ओट्यावर असा ठेवायची की भांडं जागं होऊ नये. मला ते दिसत होतं. मी ते कौतुकानं बोलून दाखवलं नाही, कारण बोललो असतो तर बायको बरोबर ठरली असती.

त्या बाईंची एक वही होती. प्रत्येक पोराचं पान वेगळं. कोणी काय उचललं, किती वेळा, कोणाची पाठ वाकली, कोण उपाशी आलं होतं. माझ्या मुलीच्या पानावर सगळ्यात मोठा आकडा साडेसात किलोचा होता. तो आकडा मला आजही पाठ आहे, कारण माझ्या जिन्यातला आकडा वीस होता.

अकोल्यात नळ रोज येत नाही हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. पाच-सहा दिवसांआड येतो, उन्हाळ्यात आणखी लांबतो, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातले सगळे पाण्याचे नोकर. नोकरीवरून सुट्टी मिळते, "आज नळ हाये" म्हटलं की साहेबही काही बोलत नाही, त्याच्याही घरी नळच असतो. आमच्याकडं नळ खाली अंगणात. वर चढवायला मोटर. ती मोटर महिनाभर जळून पडली होती आणि बायको महिनाभर सांगत होती, "अहो, मोटर पाहा ना. पोरीले कॅना उचलू देऊ नका." मी "पाहतो" म्हणत होतो. मला मोटरवाल्याकडं जायचा कंटाळा होता. एवढंच. यापेक्षा मोठं कारण द्यावंसं वाटतं, पण नाही आहे.

एप्रिल संपत आला होता. बायको परतवाड्याला गेलेली, तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. शनिवारी मुलगी सकाळी क्लास करून, न्याहारी करून झोपाळ्यावर बसली होती. अकराच्या सुमाराला खालून घरमालकीण ओरडली, "नळ आला वो ऽऽ!"

आम्ही दोघं धावलो. बेत मीच ठरवला: मी वर ड्रमात ओतणार, ती खालून आणून देणार. कारण ओतायला उंची लागते, असं मी तिला सांगितलं. खरं तर जिना चढायला दम लागतो आणि माझं पोट सुटलेलं होतं. पहिल्या खेपा तिनं छोट्या, पाच लिटरच्या कॅननं केल्या. दोन हातांत दोन. चांगल्या चालल्या होत्या. मग खालून आवाज आला की धार बारीक होऊन राहिली. ड्रम अर्धासुद्धा भरला नव्हता. शेजारचे लोक रांगेत उभे.

मी वरून ओरडलो, "छोट्या ठेव! मोठी भरून आण!"

मोठी म्हणजे वीस लिटरची, निळी, विकतच्या पाण्याची कॅन असते ती.

"बाबा, मोठी नाही उचलत माझ्यानं."

"दोन्ही हातानं धर. येते."

"क्लासच्या ताई म्हणतात, आधी उचलून पाहा, नाही जमलं तं ठेवून द्या."

आणि मी, अमरावतीहून व्यायामाचं शिकून आलेला, वीस वर्षं बापांना उंचीचा धाक घालणारा माणूस, जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून म्हणालो, "ताई-बाई सोड! दोन महिने कायची फी भरली मंग मी? एवढी एक कॅन उचलत नाही, अन् निघाली वजनं उचलायले!"

तिनं कॅन भरली. मला पायऱ्यांवर तिची चप्पल ऐकू आली, एक पायरी, थांबणं, एक पायरी. पहिल्या मजल्याच्या वळणावर एक धप्प झालं, कॅन गडगडत खाली गेली, पाण्याचा लोट पायऱ्यांवरून उतरत गेला. खालून घरमालकीण ओरडली, "पाणी सांडलं वो!" सगळ्यांत आधी पाण्याचं दुःख झालं. मीसुद्धा पहिल्यांदा कॅनकडंच पाहिलं. हे लिहायला सोपं नाही, पण पाहिलं.

ती भिंतीशी बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. रडत नव्हती. म्हणाली, "बाबा, मी हळूच ठेवत होती."

प्रथमोपचार मी उत्तम केले. लाकडी पट्टी, दुपट्टा, हात गळ्यात. पुस्तकात चित्र काढावं असे. मग ऑटोत बसलो, आणि त्या दहा मिनिटांच्या रस्त्यात मी सगळं ठरवून टाकलं. परतवाड्याहून बायको येईल. मोटर. कॅन. "सांगतलं होतं ना." ते एक वाक्य ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. वजनं कोणी किती उचलावीत यावर भाषणं देणारा हा माणूस तेवढं उचलू शकला नाही.

मी मुलीला म्हटलं, "आईले कॅनचं सांगू नको. घरात भांडण होईल. म्हणजो, सकाळी क्लासात दुखलं, घरी येऊन सुजलं."

"मंग आई क्लास बंद करंल."

"नाही करत. ते मी पाहतो."

तिनं मान हलवली. नऊ वर्षांच्या मुलीनं माझ्याशी सौदा केला: ती गप्प राहील, मी तिचा क्लास वाचवीन. तिनं तिचा शब्द पाळला.

हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. मनगटाजवळ, हाडाच्या टोकाशी जिथं वाढीचा मऊ थर असतो, तिथं बारीक चीर. ते म्हणाले, "हे पडल्यावर होते तसं दिसून राहिलं. पडली का?"

"नाही," मी म्हटलं. "वजनाच्या क्लासले जाते. तिथं झालं."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, बाहेरच्या गर्दीकडं पाहिलं. "सर, तुमी पीटीचे मास्तर, अन् इतक्या लहान पोरीले वजन उचलू देता?"

मी मान खाली घातली. ज्यानं पाप केलं नाही पण दुसऱ्याच्या हट्टापुढं हार खाल्ली, अशा माणसासारखी. मला ते छान जमलं. मुलगी टेबलावर बसून पाय हलवत होती आणि माझ्याकडं पाहत होती.

प्लास्टर झालं. बायको दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आली. मुलीला जवळ घेऊन रडली आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "माझंच चुकलं. तुमी नाही म्हणत होते." मी त्यावर जे म्हणालो ते आजही माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "जाऊ दे आता. मी काही बोललो का तुले?"

मोठेपणा! न बोलण्याचाही मोठेपणा मी घेतला.

सोमवारी संध्याकाळी क्लासच्या बाई घरी आल्या. हातात बिस्किटाचा पुडा आणि ती वही. खुर्चीच्या काठावर बसल्या. मुलीला विचारलं, "कधी दुखलं व बाई? मले सांगतलं काहून नाही?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं.

बाईंनी वही उघडून माझ्यापुढं धरली. "सर, शनवारी काठीच होती. शनवारी मी वजन देतच नाही पोराईले. हे पाहा. म्हणून मले समजून नाही राहिलं, की कोणत्या उचलीले..."

मी म्हटलं, "मग काय, माझी पोरगी खोटं बोलते?"

बाई गडबडून गेल्या. "नाही नाही सर, तसं नाही म्हणत मी." वही बंद केली. मुलीच्या प्लास्टरवर हात ठेवला, चहा अर्धा सोडून निघाल्या. मुलगी आतल्या खोलीत गेली. माझं खोटं मी त्या दिवशी लेकीच्या अंगावर घातलं, तिच्यासमोर, आणि ती खाली मान घालून ते नेसून आत गेली.

पुढचं काही मला करावं लागलं नाही. आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत ते आपोआप झालं. सहा-सात माणसं, सगळे निवृत्तीच्या आसपास, कोणाची शुगर कोणाचं ब्लडप्रेशर, पण लहान मुलांच्या व्यायामावर सगळे अधिकारी. "सांगतलं होतं ना, पोराईनं वजन उचलू नये." "पोरीची जात, पुढं लेकरंबाळं व्हायची." आणि एकानं, जो दसऱ्याला सोनं द्यायला सगळ्यांत आधी येतो, त्यानं आवाज खाली करून म्हटलं, "अन् तिकडल्या लोकाईच्या हाती आपल्या पोरी द्यायच्याच कायले गा?" कोणी त्याला टोकलं नाही. मी टोकलं नाही. मी टपरीवरच्या चहात बिस्कीट बुडवून खात होतो. त्या वाक्याला पाया मीच रचून दिला होता, वर तो फक्त बसला.

आमच्या गल्लीतल्या मुली क्लासमधून गळाल्या. मग इतर. मग ज्या कोणाच्या हातात त्या शेडची चावी होती त्यांनी बाईंना सांगितलं की उगा वाद नको, शेड रिकामी करा. शाळा उघडायच्या आत क्लास बंद. मुलीचं प्लास्टर निघालं तेव्हा जायला क्लास नव्हता. तिनं मला एकदाच विचारलं, "बाबा, तुमी पाहतो म्हणे ना?" मी म्हटलं, "त्या बाईच गेल्या अमरावतीले. मी काय करू?"

हाड पूर्ण जुळलं. डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला, काही कमी नाही म्हणाले. वाढही थांबली नाही. मुलगी आज आईपेक्षा उंच आहे. त्यानंतर मी खरंच पुस्तकं काढली, जुनी आणि नवी, शोधलं. मला जे कळलं ते त्या बाईंना शेडमध्ये उभ्या उभ्या माहीत होतं: लहान मुलांनी मापून, शिकवणाऱ्याच्या डोळ्यासमोर, थोडं थोडं वजन उचललं तर बिघडत नाही, उंची खुंटत नाही. बिघडतं ते ताकद आजमावायला लावल्यानं, घाईनं, कोणी लक्ष न दिल्यानं, पडल्यानं. म्हणजे माझ्या जिन्यात जे झालं त्यानं. हे वाचल्यावर मी काय केलं? शाळेच्या फाटकाशी पुढचा बाप आला तेव्हा तेच जुनं उत्तर दिलं. नवं दिलं असतं तर तो म्हणाला असता, मग सर तुमच्या पोरीचं कसं झालं?

दोन वर्षांपूर्वी शाळेसाठी व्हॉलीबॉलची जाळी घ्यायला अमरावतीला गेलो. खेळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरमागं त्या बाई. केस थोडे पिकलेले, अंगावर दुकानाचा टीशर्ट. मी ओळख न दाखवता वळणार होतो. त्यांनीच ओळखलं.

"सर! पोरीचा हात कसा हाये?"

"चांगला आहे."

"लिहिते ना उजव्या हातानं? दुखत नाही ना थंडीत?"

"नाही."

त्या जाळीची घडी घालत होत्या. घडी घालता घालता, माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "मी लय डोकं लावलं सर त्याच्यावर. रोजची वही काढून पाहायची. शुक्करवारी तिले साडेसात दिले होते, त्यातच काही झालं अशीन अन् मले दिसलं नाही, असं वाटते मले. तेव्हापासून लहान पोराईले शिकवायची हिंमतच नाही झाली. एका शाळेनं बोलावलं होतं, नाही गेली. माझ्याकडून चुकलंच सर. माफ करा."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. पंखा फिरत होता. सांगायला यापेक्षा सोपी जागा मला आयुष्यात मिळणार नाही.

मी म्हटलं, "जाऊ द्या मॅडम. झालं ते झालं. आमच्या मनात काही नाही."

मी त्यांना क्षमा केली! माझ्या कॅनबद्दल, माझ्या मोटरबद्दल, माझ्या आळसाबद्दल मी त्या बाईंना क्षमा केली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी जाळीवर मालकाला विचारून थोडी सूट दिली. मी ती घेतली.

यंदा आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्यानं लहान मुलांसाठी वजनांचा संच भेट दिला. हलक्या दांड्या, रबरी चकत्या. पालकांची सभा बसली: घ्यावं की परत करावं. एक पालक उभे राहिले. मी त्यांना ओळखतही नव्हतो. म्हणाले, "आपल्या अकोल्यातच झालं हाये. एका बाईच्या क्लासात एका पोरीचे दोन्ही हात मोडले. तिची उंची तिथंच राहिली. लग्न जमून नाही राहिलं म्हणे आता तिचं."

सभा हळहळली. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, अकरावीत आहे, आणि हळहळणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांपेक्षा उंच आहे. अध्यक्ष माझ्याकडं वळले. "सर, तुमी या विषयातले. तुमी सांगा."

मी उभा राहिलो. म्हणालो, "सावधगिरी बाळगलेली बरी." आणि खाली बसलो. वजनं स्टोअररूममध्ये ताडपत्रीखाली गेली. सगळ्यांचं समाधान झालं. चहा झाला.

मुलगी आता अमरावतीला होस्टेलवर राहते. सभेनंतरच्या रविवारी तिला भेटायला गेलो. आम्ही रसवंतीवर बसलो होतो. का कोण जाणे, मी तिला त्या पालकाची गोष्ट विनोद म्हणून सांगितली: दोन्ही हात, खुंटलेली उंची, न जमणारं लग्न. ती हसली नाही. ग्लास खाली ठेवला, तसाच, आवाज न करता.

"ताई त्या दुकानात असतात. माहीत हाये तुमाले?"

मी म्हटलं, "हो."

"मले बी माहीत हाये. वर्सभर झालं. मी जाते अन् बाहेरूनच येते. आत गेली तं मले सांगाच लागंल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी सांगत नाही तं मी काहून सांगू? मी नऊ वर्साची होती बाबा." मग थोडं थांबून, आवाज न चढवता म्हणाली, "त्याईले वाटून राहिलं की त्याईनं माझा हात मोडला. आईले वाटून राहिलं की तिनं मोडला. तुमी एकटेच मजेत हा."

मी म्हटलं, "मजेत नाही."

"मंग सांगा ना."

ती उठली, तिचा अभ्यास होता. मी परतीच्या बसमध्ये बसलो आणि स्वतःशी ठरवलं की आधी लिहून काढू, म्हणजे बोलायला सोपं जाईल. यातली लबाडी माझ्या लक्षात आली आहे. लिहिताना समोर कोणी नसतं. कागद वही उघडून दाखवत नाही, चहा अर्धा सोडून जात नाही. हे लिहून झालं म्हणजे काही सांगून झालं, असं समजायला मी मोकळा नाही.

तर माझ्याकडं काय बाकी आहे ते सरळ सांगतो. बायकोला सांगायचं आहे की मोटर मी दुरुस्त केली नाही आणि कॅन मी उचलायला लावली. तिचं काही चुकलं नव्हतं. सभेतल्या लोकांना सांगायचं आहे की ती पोरगी माझी होती, हात एकच मोडला, तो घरी मोडला, आणि ती वजनं ताडपत्रीखालून काढा. मुलीची माफी मागायची आहे, मी तिला खोटं ठरवलं त्याची. आणि अमरावतीला त्या दुकानात जाऊन त्या बाईंना सांगायचं आहे की त्यांच्याकडून काहीही चुकलं नव्हतं, शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, कधीच नाही. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.